आजाऱ्यापासून आजार लपवावा काय?



कीर्तनाची आरती होऊन मंडळी पांगू लागली की एखादा गृहस्थ मागे रेंगाळतो आणि आम्हांला बाजूला घेऊन विचारतो, ‘महाराज, घरात कॅन्सर निघाला आहे. तिला अजून सांगितले नाही. खोटे बोलल्याचे पाप लागते का?’ सौंदड, साकोली, अर्जुनी ह्या आमच्या धानाच्या मुलखात हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा आला आहे की, उत्तर एकदा लिहूनच द्यावे असे वाटले. नुसते ग्रंथातून उत्तर देता आले असते. परंतु हा प्रश्न आमच्याच घरी येऊन बसला होता आणि त्या वेळी आम्ही चुकलो. तेव्हा चुकीपासूनच आरंभ करतो.

आमच्या सौभाग्यवतीची काही वर्षांपूर्वी बायपास शस्त्रक्रिया झाली. पायाची शीर काढून हृदयाला जोडली. त्यातून ती उठली आणि रोवणीच्या दिवसांत पूर्ववत बांधीवर जाऊ लागली. पुढे डाव्या स्तनात गाठ लागली. नागपूरला तपासणी झाली. डॉक्टरांनी मुलाला व आम्हांला निदान सांगितले. आम्ही तिथेच ठरवून टाकले की हिला कळू द्यायचे नाही. हृदय आधीच जोडलेले. हे नाव ऐकताच धसक्याने काही झाले तर? ‘साधी गाठ आहे, काढली की झाले,’ असे आम्ही तिला सांगितले. संमतीच्या कागदावर सही तिची, वाचला मात्र आम्ही.

मनुष्य खोटे बोलला की त्याला शास्त्र आठवते. आम्हांलाही आठवले. मनूने अप्रिय सत्य बोलू नये असे म्हटले आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याला बजावले आहे की, रोग्याचे आयुष्य उणे झाल्याचे कळले तरी, जिथे ते सांगण्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल तिथे सांगू नये. दोन एवढी मोठी प्रमाणे हाती आल्यावर आम्ही निश्चिंत झालो. आयुष्यभर लोकांना शास्त्राचा अर्थ सांगणाऱ्याने शास्त्राचा उपयोग पांघरुणासारखा केला, हे लिहिताना आज लाज वाटते.

प्रमाणे खोटी नव्हती, आम्ही ती अर्धी वाचली होती. मनूचे वचन तिथेच संपत नाही. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, हेही त्याच श्लोकात आहे. आणि चरकाचार्य आयुष्याच्या मर्यादेविषयी बोलतात. किती दिवस उरले हे न पुसता सांगू नये, हे एक. आणि तुला कोणता रोग आहे, तुझ्या शरीरात कोणते औषध जात आहे, हेच न सांगणे, हे अगदी निराळे. मौन आणि असत्य ह्यांतले अंतर आम्ही गिळून टाकले.

उलट त्याच चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाला उपचाराचे ज्ञान हवे, दक्षता हवी, रोग्यावर अनुराग हवा, शुचिता हवी. आपण इथवरच वाचतो, कारण ह्यात आपले कौतुक आहे. पण रोग्याचेही चार गुण आहेत: स्मृती, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. आता विचार करा, ज्याला आपला रोगच ठाऊक नाही त्याने काय सांगावे? आम्ही प्रेमाच्या नावाखाली चिकित्सेचा चौथा पायच काढून घेतला होता.

त्याचे फळ लवकरच दिसले. कर्करोगाची काही औषधे हृदयाला जड जातात. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध ह्याबद्दल प्रसिद्ध आहे; बायपासचा इतिहास पाहून डॉक्टरांनी ते टाळले. परंतु तिच्या गाठीच्या जातीला ट्रास्टुझुमॅब हे दुसरे औषध आवश्यक होते. ते दर तीन आठवड्यांनी, वर्षभर द्यायचे असते. त्याने काही जणांच्या हृदयाचा जोर कमी होतो. वेळीच थांबवले तर तो बहुधा भरून येतो. म्हणून दर तीन महिन्यांनी इको करतात आणि धाप लागली, पाय सुजले, वजन एकाएकी वाढले तर लगेच सांगा, असे बजावतात. ते बजावणे आमच्याजवळ राहिले, तिच्यापर्यंत गेले नाही.

तिला धाप लागत होती. रात्री उशी उंच करून ती निजत होती. पाय सुजले, तर शीर काढलेला पाय असाच सुजतो असे तिने मानले. दुसऱ्याही पायाला सूज आली ती लुगड्याखाली झाकली. आम्ही काळजी करू म्हणून तिने आम्हांला सांगितले नाही, आणि ती काळजी करील म्हणून आम्ही तिला सांगितले नव्हते. एका घरात दोन माणसे एकमेकांवरच्या मायेने एकमेकांपासून लपत होती. ठरलेल्या इकोत हृदयाचा जोर उतरल्याचे दिसले, तेव्हा औषध काही काळ थांबवावे लागले.

त्या रात्री घरी येऊन आम्ही तिला सारे सांगितले. धसका तिला बसला नाही, राग आला. ती म्हणाली, ‘मले ठाऊक होतं. तिथं बसलेल्या बायांचे केस कायनं गेले, येवढं मले समजत नाही का? छाती चिरून घेतली ते मी घेतली. तुम्ही बाहीर माळ जपत बसले होते. तवा नाही भेली, आता काहून भेईन? पुढं मले इचारल्याबिगर काही करू नका.’

ह्यावर आमच्याजवळ निरूपण नव्हते. सावित्रीचे आख्यान आम्ही किती वेळा रंगवून सांगितले असेल! सावित्रीला सत्यवानाचे मरण ठाऊक होते, सत्यवानाला नव्हते. ते अज्ञान आम्हांला कधी खटकले नाही. पण तिथे त्याने करण्यासारखे काही नव्हते. इथे औषध रोग्याच्या देहात जाते, धाप त्याला लागते, सोसणे त्याचे असते. तिथे त्याला अंधारात ठेवणारा सावित्रीची बरोबरी सांगू शकत नाही.

मग प्रश्नाचे उत्तर काय? आम्हांला उमगले ते असे. रोगाचे नाव आणि उपचार रोग्याला सांगावेत. शक्य तर डॉक्टरांच्या समक्ष, शांतपणे, आणि सांगून उठून जाऊ नये. किती दिवस, हे त्याने विचारल्यावाचून सांगू नये. विचारले तर खोटे सांगू नये. कोणी स्वतःच म्हणेल की मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा, तर तोही त्याचाच निर्णय, तो मानावा. मात्र त्याला आधी विचारलेले असावे. हृदयाची भीती असेल तर ती डॉक्टरांना विचारावी, त्या भीतीला धर्माचे नाव देऊ नये.

ते औषध पुढे हृदयाच्या गोळ्यांसह पुन्हा सुरू झाले आणि वर्ष पुरे झाले. आता तपासण्या चालू आहेत. पुढचे पांडुरंगाच्या हाती. पण आता धाप लागली की ती सांगते आणि आम्हांला भीती वाटली की आम्हीही सांगतो.

त्या वर्षी आमची आषाढी चुकली. मंडळी म्हणाली, पुंडलिकाने तरी काय केले, सेवाच केली ना! खरे आहे. पण आम्हांला पुंडलिकाची दुसरी गोष्ट त्या वर्षी दिसली. साक्षात देव दारात आला तेव्हा पुंडलिकाने त्याला गोड बोलून झुलवले नाही. सेवा चालली आहे, थांब, असे स्पष्ट सांगितले आणि उभे राहायला वीट दिली. खरे ऐकूनही देव गेला नाही, उभाच राहिला. आपले माणूसही खरे ऐकून उभे राहते. त्याच्या पायाखाली वीट देणे एवढेच आपले काम.

रामकृष्णहरी.