निनवेला मिळालेली क्षमा

ख्रिस्ती श्रद्धेत परमेश्वर जगाचा न्यायाधीशही आहे आणि पाप्याला जवळ करणारा कृपाळू पिताही; ही दोन्ही रूपे एकाच परमेश्वराची कशी असू शकतात, हा प्रश्न चर्चच्या इतिहासात फार लवकर उभा राहिला. दुसऱ्या शतकातील मार्सियनने जुन्या करारातील न्यायनिष्ठुर देव वेगळा आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ देव वेगळा, असा सोपा तोडगा काढला, आणि इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले. वास्तविक शत्रूला मिळालेल्या क्षमेची बायबलमधील सर्वांत अवघड कथा जुन्या करारातच आहे. ती योनाच्या अवघ्या चार अध्यायांच्या पुस्तकात येते.

परमेश्वर योना या संदेष्ट्याला, म्हणजे आपला निरोप सांगणाऱ्या माणसाला, निनवेस जाण्याची आज्ञा करतो. निनवे ही अश्शूरची राजधानी. याच अश्शूरने इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले, आणि 701 मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातील लाखीश नगर जिंकून त्या विजयाची शिल्पे निनवेच्या राजवाड्यात कोरवून घेतली. सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या या शिल्पपटांवर जमिनीवर ताणून बांधलेल्या कैद्यांची कातडी सोलली जात आहे, आणि बायकामुले बैलगाडीवर संसार लादून परमुलखाची वाट धरत आहेत. योना तार्शीशच्या जहाजात बसून उलट्या दिशेने पळतो, त्यामागचे कारण भीती नसून परमेश्वर या लोकांना क्षमा करील ही त्याची खात्री होती, हे चौथ्या अध्यायात तो स्वतःच बोलून दाखवतो. परमेश्वर दयाळू आणि मंदक्रोध आहे हे इस्राएलचे जुने स्तुतिवचन त्याच्या तोंडी चक्क तक्रार होऊन येते.

ही तक्रार क्षुद्र म्हणून बाजूला सारणे हा तिच्यावर अन्याय होईल. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने दया न्यायाला मोडत नाही, तर त्याच्या पुढे जाते, असे सांगताना शंभर नाण्यांचे देणे असलेल्या माणसाने स्वतःच्या पैशातून दोनशे दिली तर न्यायाचा भंग होत नाही, असा दाखला दिला. स्वतःविरुद्ध झालेला अपराध माफ करण्यालाही त्याने हाच न्याय लावला. हा युक्तिवाद देणाऱ्याच्या बाजूने निर्दोष आहे. पण लाखीशच्या कैद्याचे जे लुटले गेले ते दुसऱ्या कोणी सोडून द्यावे काय, हा योनाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुस्तक स्वतः या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडते. अखेर निनवेत आलेल्या योनाने चाळीस दिवसांत नगर उलथून पडेल, अशी घोषणा करताच निनवेचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडवतो, आणि प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा असा हुकूम काढतो; आणि परमेश्वर नगराला क्षमा करतो. येथे पश्चात्ताप म्हणजे मनाची हळहळ नव्हे, तर जुलूम थांबणे होय. निवाडा ऐकवला गेला नसता तर तो थांबलाही नसता, म्हणूनच न्यायाची घोषणा हाच या दयेचा पहिला हात ठरतो. दुसरी बाजू शेवटच्या प्रश्नात आहे. उजवा-डावा हात न कळणारी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ जनावरे असलेल्या नगराची कीव परमेश्वराने करू नये काय, असे योनाला विचारून पुस्तक थांबते, आणि योनाचे उत्तर नोंदवत नाही. याच बायबलमध्ये निनवेच्या विनाशाचा जयघोष करणारे नहूमचे पुस्तकही आहे, आणि इ.स.पू. 612 मध्ये ते नगर खरोखरच धुळीला मिळाले; चर्चने ही दोन्ही पुस्तके राखली, हे योग्यच झाले.

योनाच्या तक्रारीला ख्रिस्ती ईश्वरविद्या अखेर क्रुसापाशी उत्तर देते. क्रुसावर आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा येशू अन्यायाकडे दुरून पाहत नाही. त्याच्याच हातापायांत खिळे आहेत, म्हणून त्याची क्षमा पीडितांच्या डोक्यावरून जात नाही, ती त्यांच्यामधून येते. तरीही निवाडा रद्द होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की न्यायाच्या दिवशी निनवेची माणसे उभी राहून पश्चात्ताप न करणाऱ्या पिढीला दोषी ठरवतील. क्षमा मिळालेलेच तेथे साक्षीदार होतात.

सातव्या शतकात याच निनवेचा बिशप झालेल्या इसहाक या संन्याशाने परमेश्वराची करुणा माणसाच्या हिशेबी न्यायात मावत नाही, असे आग्रहाने शिकवले. सुरियानी परंपरेच्या मंडळ्या, त्यांत केरळातील संत थॉमस ख्रिस्तीही आले, दरवर्षी निनवेचा तीन दिवसांचा उपास पाळतात, आणि तो पाळणारा योनाच्या जागी नव्हे तर निनवेकरांच्या जागी उभा राहतो. प्राचीन निनवेचे अवशेष असलेल्या मोसुल शहरातून 2014 मध्ये इस्लामिक स्टेटने ख्रिस्ती कुटुंबांना हुसकावून लावले. त्या मंडळ्यांच्या परंपरेतही हाच उपास आहे, आणि अन्याय सोसलेल्यांनीही त्यात आधी स्वतःसाठी दया मागायची असते.