जंगलावरची नजर आणि ग्रामसभा

नक्षल चळवळीच्या काळात पूर्व विदर्भातल्या कितीतरी गावकऱ्यांचा जीव एकाच आरोपावरून गेला: पोलिसांचा खबऱ्या. दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, गावात जेवून गेलं की सकाळी पोलीस विचारणार, पोलीस येऊन गेले की रात्री दलम विचारणार. गोंदियाच्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी ही कोंडी भोगली आहे. म्हणूनच टेहळणीसाठी मानवरहित हेलिकॉप्टर किंवा ड्रोन वापरायला माझा सरसकट विरोध नाही. माहिती आकाशातून मिळाली तर ती दिल्याचा संशय गावातल्या कोणावर येत नाही. 1 मे 2019 रोजी शेजारच्या गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि वाहनचालक मारले गेले. तशा रस्त्यावर पुढची वाट कोणी वरून पाहून ठेवणार असेल, तर त्याला नको म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण ही नजर नेमकं काय पाहते? हैदराबादहून आणि पुढे भिलाईहून उडणाऱ्या इस्रायली बनावटीच्या ‘हेरॉन’ ड्रोनला धावपट्टी लागते आणि ते फार उंचावरून फिरतं. चार पंख्यांच्या ‘नेत्र’ला मोकळी जागा मिळाली की पुरे. डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांची ‘आयडियाफोर्ज’ यांनी ते घडवलं. वजन दीड किलोच्या आसपास, उड्डाण अर्ध्या तासाचं, हेलिकॉप्टरसारखं एका जागी तरंगणारं. दोघांचीही अडचण एकच. पावसाळ्यात साग-बांबूच्या दाट पानोऱ्याखालचं फारसं दिसत नाही. पानगळीनंतर दिसतं, आणि नेमकी तेव्हाच गावं जंगलात असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायका उजाडायच्या आत घर सोडतात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात या सगळ्यांचे नुसते पांढरे ठिपके होतात. ठिपक्याच्या पाठीवर टोपली आहे की बंदूक, हे पडद्यासमोर बसलेल्याने ठरवायचं.

अंधारातल्या जमावाबद्दल असं ठरवणं कुठवर जाऊ शकतं, हे छत्तीसगडच्या सारकेगुडा गावाने दाखवलं आहे. तिथे ड्रोनचा संबंध नव्हता. जून 2012 मधल्या एका रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात 17 जण मेले. मृतांमध्ये माओवादी असल्याचा पुरावा नाही, असं न्यायालयीन आयोगाच्या अहवालाने 2019 मध्ये सांगितलं. यंत्र आलं म्हणून ही चूक आपोआप टळत नाही. उलट पडद्यावरच्या चित्राला पुराव्याचा रुबाब येतो, आणि खबऱ्याला निदान माणसांचे चेहरे ओळखीचे होते.

दुसरं नुकसान गोळीविना होतं. उत्तराखंडच्या कॉर्बेट परिसरातला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यजीवांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन यांच्यामुळे तिथल्या बायकांचं जंगलातलं वागणंच बदललं होतं: गाणं कमी झालं, बोलणं दबकं झालं. वाघापासून सावध राहायला जो आवाज लागतो, तोच गेला. गोंदियातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाभोवती राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि हे जंगल कायद्याने कोणाचं आहे? गोंदिया राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. उरतो तो 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम 5 ने सामूहिक वनसंपत्तीत कोणी कसं यायचं, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. जमिनीवरून येणाऱ्याला ग्रामसभा अडवू शकते. वरून येणाऱ्याचा तिला पत्ताही नसतो. 2021 च्या ड्रोन नियमांतून सैन्यदलं वगळलेली आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारच्या अधिसूचित यंत्रणांना सुरक्षेसाठी सूट आहे. युद्धासारख्या परिस्थितीत असं चालून गेलं असेल. पण नोव्हेंबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदियात शरण आला. आता त्या परिस्थितीचा आधार घेता येणार नाही.

मोहिमेची वेळ आधी जाहीर करा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र मोहीम संपल्यावर ठरावीक मुदतीत ग्रामसभेला लेखी कळवता येतं: कोणत्या वनक्षेत्रावर उड्डाण झालं, चित्रण कोणाकडे आहे, ते कधी पुसणार. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामाचं वेळापत्रक ग्रामसभेकडून घेऊन ते पडद्यासमोर बसणाऱ्याच्या हाती देता येतं. गोंड आदिवासींची कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा टेहळणीतून वगळता येते. तिथे गर्दीच्या व्यवस्थेसाठी ड्रोन लागलाच तर तसं आधी सांगून उडवता येतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.