घरात बोलणारं माणूस हवं

कडेगाव, जि. सांगली

चि. सौ. पोरीस,


तुझं पत्र मिळालं. कर्नाटकात पिरियापट्टणला घर लागलं, शेजारच्या अज्जी जीव लावतात, जावईबापूंचा बँकेत जम बसला, हे वाचून बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी जे तू दोन ओळींत उरकलंस, त्यावर मी आज सविस्तर लिहिणार आहे. छोटी अडीच वर्षांची झाली. जाहिरातींची गाणी घडाघडा म्हणते, पण हाक मारली तर वळून बघत नाही. काही हवं असलं तर सांगत नाही, तुझा हात धरून ओढत नेते. आणि टीव्ही सकाळी सुरू होतो तो रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत. तू विचारलंस, "आत्या, टीव्ही कमी करू का?" माझं उत्तर सरळ आहे. कमी करू नकोस, काढूनच टाक.

त्याआधी एक काम मात्र लगेच कर. म्हैसूरला मानसगंगोत्रीत ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. लहान मुलांचं ऐकणं आणि बोलणं तपासण्याचं काम तिथे होतं, आणि लांबलांबून लोक तिथे मुलं घेऊन येतात. तुम्हाला तर ती एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. छोटीला तिथे दाखवून आण. हाकेला वळत नाही म्हटल्यावर कान आणि बोलणं दोन्ही तपासायलाच हवं. सगळं टीव्हीच्या माथी मारून आपण स्वस्थ बसलो आणि कारण दुसरंच निघालं, तर गेलेला वेळ परत येत नाही. तपासणीत काहीही निघो, टीव्ही काढायचा तो काढायचाच.

टीव्ही का लावतेस ते मला कळतं. बाहेर पडलीस की सगळं कन्नड. बाजारात कन्नड, बसमध्ये कन्नड, बँकेतल्या लोकांच्या घरी गेलीस तरी कन्नड. घरात मराठी मालिका लागली की आपली माणसं आल्यासारखं वाटतं, आणि मुलीच्या कानावर मराठी पडतंय याचं समाधान मिळतं. हेतू चांगला आहे, पण उपाय उलटा पडणारा आहे. टीव्ही छोटीला मराठी देत नाही. तुझ्या तोंडून तिला जी मराठी मिळायची, तीच तो काढून घेतो.

हे मी मनाचं सांगत नाही. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं त्यांनी घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बोलली, पुस्तकं वाचून दाखवली, खेळली. बारा बैठकांत त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तितकाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत. बोलणारं माणूस तेच होतं, पण ते बाळाकडे बघत नव्हतं, बाळ हसलं तर थांबत नव्हतं.

दुसरा अभ्यास २००९ सालचा, तोही अमेरिकेतला. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातलं सगळं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज जितके तास घरात होता, त्या प्रत्येक तासामागे मुलांच्या कानावर मोठ्यांचे सरासरी ७७० शब्द कमी पडले. मुलांचं स्वतःचं बडबडणंही कमी झालं. टीव्ही बोलत असला की आपण गप्प बसतो, आणि आपण गप्प बसल्याचं आपल्याला जाणवतही नाही. तुझ्याकडे तो दिवसभर चालतो. हिशेब तूच कर.

आता शब्द पोराला कसा मिळतो ते सांगते. थंडीच्या दिवसांत तुमच्या म्हैसूर भागात अवरेकाईचा हंगाम असतो. आपल्या पावट्याच्याच जातीचं ते. शेजारच्या अज्जी पायरीवर बसून शेंगा सोलत असतील, तिथे छोटीला घेऊन बस. सोललेले दाणे पाण्यात भिजवतात, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबतात. साल हातात राहते आणि दाणा टुणकन उडून भांड्यात पडतो. पहिला दाणा उडाला की छोटी चमकेल. दुसऱ्याला हसेल. तिसरा स्वतःच्या चिमटीत धरेल आणि तो निसटून पायरीखाली जाईल. तू म्हणशील, "निसटला! कुठे गेला? तो बघ, सालीखाली लपलाय." अज्जी तेच कन्नडमधून म्हणतील. त्या तासाभरात चिमटीत धरणं, निसटणं, सोलणं, ओलं, गुळगुळीत हे सगळं तिच्या बोटांतून डोक्यात जाईल, आणि प्रत्येक शब्दाबरोबर कुणीतरी तिच्या तोंडाकडे बघत असेल. रंगीत पडद्याला हे जमत नाही, कारण त्याला छोटी दिसतच नाही.

परमुलखात मराठी टीव्हीवाचून टिकणार नाही, ही भीती तर मनातून काढूनच टाक. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य उभं केलं. त्यांच्या मागे जी मराठी कुटुंबं तिकडे वसली, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी राहिली. राज्य १८५५ साली संपलं, तरी बोली संपली नाही. कर्नाटकातले भावसार बघ. बाजारात उत्तम कन्नड आणि चुलीपाशी मराठी, असं त्यांच्या कितीतरी घरांतून चालत आलं. हे सगळं टीव्ही येण्याच्या आधीचं. ही मराठी आजीच्या मांडीवर, सणावाराच्या स्वयंपाकात, देवापुढच्या आरतीत आणि भावंडांच्या भांडणात टिकली.

लांब कशाला, तुमच्याच तालुक्यात बैलकुप्पे आहे. १९६१ साली तिबेटी निर्वासित तिथे आले. जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली, शाळा आणि मठ बांधले, आणि मुलांना तिबेटी शिकवत राहिले. गावी परतायची वाटही त्यांना नव्हती. तुला तर रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी माहेर गाठता येतं. एका रविवारी छोटीला तिथला मठ दाखवायला ने. परक्या मुलखात माणसं आपली भाषा कशी जपतात, हे तुला तिथे डोळ्यांनी दिसेल.

आता आमच्याकडचं सांगते. आपल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुला ठाऊकच आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरून भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. करोनाच्या काळात मुलांचा अभ्यास मोबाइलवर गेला. शाळा उघडल्या, पण पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना, आणि मोठ्यांच्या पुढचा टीव्हीही. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. पुरुषमंडळींनी आधी ती हसण्यावारी नेली, पण बायकांची सभा घेतली तेव्हा त्यांनी ती उचलून धरली. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावू लागले. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या अग्रण धुळगावानेही हाच मार्ग धरला. तिथलं बघून डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलग्याने सात ते नऊ अशी वेळ ठरवली. म्हणजे ही गोष्ट तुमच्या कर्नाटकातही पोहोचली आहे.

यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की सगळं गाव एकदम बंद करतं. एकट्या पोराला "तू अभ्यास कर" म्हणायचं आणि आपण मालिका बघायची, हे कुठलंच पोर ऐकत नाही. तुझ्या घरात भोंगा नाही. तिथे सरपंच तू आणि जावईबापू. तुम्ही दोघांनी एका दिवशी, एका तासाला, मिळून बंद करायचं.

तू म्हणशील, दिवसाला तासभर चालेल असं डॉक्टर सांगतात, मग काढून कशाला टाकायचा? खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जास्तीत जास्त एक तास सांगितला, आणि त्याहून कमी तर अधिक चांगलं असंही म्हटलं. पण दिवाणखान्यात संच असला की तास तासाला थांबत नाही. भात शिजेपर्यंत लाव, पाहुणे आलेत म्हणून लाव, मूल जेवत नाही म्हणून लाव, असं करत तो दिवसभराचा होतो. बघायचा की नाही, याची झुंज तुला दिवसातून वीस वेळा खेळावी लागते. काढून टाकलास तर ती एकदाच.

आणि हे नुसतं छोटीसाठी नाही. तुझ्यासाठीही सांगते आहे. तू लिहिलंस, दिवस खायला उठतो. टीव्हीतली माणसं तुझं एकटेपण घालवत नाहीत, पोरी. ती तुला दाराबाहेर पडू देत नाहीत. कॅनडात १९७३ साली टॅनिस मॅकबेथ विल्यम्स या संशोधक बाईंनी एका गावाचा अभ्यास केला. दरीत वसल्यामुळे तिथे टीव्ही दिसतच नव्हता. तो येण्याच्या बेतात असताना त्यांनी गावकऱ्यांचं सगळं नोंदवून ठेवलं आणि दोन वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं. टीव्ही आल्यावर गावातल्या कार्यक्रमांना जाणाऱ्या लोकांची संख्या घटली. मुलांचं वाचन आणि कल्पकता मागे पडली, मारामाऱ्या वाढल्या. गाव तेच, माणसं तीच. फक्त संध्याकाळ घरात कोंडली गेली.

तुझी संध्याकाळ मोकळी कर. रोजचे तीन तास धरले तरी वर्षाला हजाराच्या वर तास होतात. तेवढ्यात तू कन्नड लिहायला-वाचायला शिकशील. बँकेच्या मुक्कामात शिकलेली भाषा जन्मभर कामाला येते. मसणिकम्माच्या देवळात जा, तिथे बायका भेटतील. तंबाखूच्या हंगामात तुमच्या भागात भट्ट्या लागतात, पानं सुकवायचं काम रात्रंदिवस चालतं. अज्जींच्या ओळखीने एखाद्या शेतावर जाऊन ते बघ आणि मला लिहून कळव. जावईबापूंनाही रात्री जेवताना तुझ्याकडे बघून बोलता येईल. दोघांचा दिवस कसा गेला हे एकमेकांना सांगायला रोज अर्धा तास मिळाला, तर संसारातल्या कितीतरी कुरबुरी जागच्या जागी मिटतात.

आता करायचं कसं, ते नीट ऐक.

येत्या शनिवारी संच भिंतीवरून उतरव आणि सरळ कुणाला तरी देऊन टाक. माळ्यावर ठेवलास तर पहिल्याच पावसाळी दुपारी खाली येईल. केबलचं किंवा डिशचं कनेक्शन त्याच दिवशी बंद कर. त्या जागी सतरंजी अंथर आणि छोटीची खेळणी, डबे, वाट्या, पळ्या तिच्या हाताला येतील अशा ठेव.

टीव्हीच्या जागी मोबाइल येऊ देऊ नकोस. हे सगळ्यांत महत्त्वाचं. घरोघर घात इथेच होतो. मोबाइल दोघांनीही घरात आल्यावर उंच फळीवर ठेवायचा. आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलायला माझी हरकत नाही, कारण तिथे समोरचं माणूस छोटीला बघतं आणि उत्तर देतं.

सुरुवातीचे दिवस जड जातील. छोटी रडेल, जेवताना हटून बसेल. चार घास कमी खाल्ले म्हणून काही बिघडत नाही. भूक लागली की मूल जेवतं. तिला ताटापाशी तुमच्याबरोबर बसव, तिच्या हाताने खाऊ दे, सांडू दे. संध्याकाळची वेळ सगळ्यांत अवघड, तेव्हा घरात थांबूच नकोस. तिला चालत बाहेर ने आणि वाटेत दिसेल त्याचं नाव घे.

रात्री निजताना रोज एक गोष्ट सांग. चिमणी-कावळ्याची, म्हातारी आणि भोपळ्याची, जी येईल ती. तीच ती सांगितलीस तरी चालेल, मुलांना तेच हवं असतं. मी इथून मराठी चित्रांची पुस्तकं पोस्टाने पाठवते आहे. जावईबापूंना बातम्या हव्यात तर वर्तमानपत्र लावा. क्रिकेटचा सामना असला की त्यांनी मित्राकडे जाऊन बघावा. चार जणांत बघितलेला सामना जास्त रंगतो.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांना पटलं नाही तर त्यांची शंका मला लिहा, मी उत्तर देईन. पण निर्णय दोघांनी मिळून घ्या, आणि घेतलात की पाळा. म्हैसूरला तपासणी कधी आहे तेही कळव. संक्रांतीनंतर मी येते आहे, पंधरा दिवस राहीन. तोवर छोटीच्या तोंडून तुझ्या गोष्टीतला एखादा शब्द बाहेर पडला, तर त्याच दिवशी फोन कर. माझी वाट बघू नकोस.

तुझी,
आत्या