मास्तर कोणाचे?

संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की सातपुडा समोरच दिसतो. त्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य आणि डोंगराच्या कडेनं कोरकू, निहाल, भिलाला यांच्या वस्त्या. दक्षिणेला उतरत गेलं की पूर्णा नदीचा खारपाणपट्टा लागतो. तिथं विहिरीला पाणी असून पिता येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजारानं कितीतरी घरं खचली आहेत. इथल्या शिक्षकाच्या वर्गात लेकरं येतात ती या डोंगराची आणि या पट्ट्याची.

त्यानं काय करावं हे कायद्यानं थोडक्यात सांगितलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं चोविसावं कलम म्हणतं की शिक्षकानं नियमित आणि वेळेवर यावं, अभ्यासक्रम पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरज असेल तिथं जादा शिकवावं आणि पालकांना भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगावी. एवढं मनापासून करायचं तरी एक जन्म अपुरा पडेल. प्रत्यक्षात शाळा भरते तीच मोबाइलवरच्या निरोपानं. आज दुपारपर्यंत माहिती सादर करा. पोषण आहाराची नोंद, युडायस, आधारची जुळणी, उपक्रमाचे फोटो. मतदारयादीचं काम असेल तर तेही.

याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा हिशेब आहे. म्हणजे लहान गावात दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यातला एक बैठकीला तालुक्याला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात, आणि तो दुसरा माहिती भरत बसला की त्या दिवशी शाळा फक्त उघडी असते, भरत नाही. सत्ताविसाव्या कलमानं दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. निवडणुकीचं कामही एरवी सुटीच्या दिवशी आणि अध्यापन नसेल तेव्हाच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानं कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारीही केली. तरीही अशी कामं थांबत नाहीत, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण ती ज्या भाषेत मांडली जाते, त्या भाषेत काहीतरी निसटतं असं मला वाटतं.

ते काय निसटतं, हे मला जोतीराव फुल्यांच्या एका निवेदनामुळे उमगलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाविषयी मागण्या मांडल्या. शिक्षक शेतकरी वर्गातून घडवावेत, वेळ पडली तर नांगर धरायला किंवा सुताराचं हत्यार उचलायला न लाजणारे असावेत, आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. या मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात. त्यांच्या शेजारची एक सूचना फारशी कुणी आठवत नाही. गावचा हिशेब तपासणं, दस्तांची नोंद, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामं शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल, असं फुल्यांनी सुचवलं होतं. आजच्या वर्गवारीत ही सगळी कामं अशैक्षणिक ठरतील.

बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस शिक्षकाच्या डोक्यावर ओझं कशाला ठेवेल? त्यांना दिसत होतं की वर्गातलं शिकवणं गावाशी असलेल्या नात्यावर उभं असतं. कागद वाचून घ्यायला, हिशेब समजून घ्यायला ज्याच्याकडे लोक येतात, त्याचं ‘पोरीला शाळेत धाडा’ हे सांगणं बापाच्या मनात उतरतं. आज शिक्षकाला दिलेली कामं वरवर तशीच वाटतात, पण त्यांचं तोंड उलट्या दिशेला आहे. फुल्यांचा मास्तर गावासाठी लिहीत होता. आजच्या शिक्षकाला गावाविषयी वर लिहून पाठवावं लागतं. त्या लिहिण्यातून गावाला काही मिळत नाही आणि त्याचं वजनही वाढत नाही. काम वर्गातलं की वर्गाबाहेरचं, ही फूटपट्टी म्हणूनच अपुरी आहे. ते काम शिक्षकाला लेकराच्या जवळ नेतं की त्याच्यापासून तोडतं, एवढंच मी विचारीन.

दिवाळीनंतर कामाच्या शोधात घरं बाहेर पडतात. पटावर नाव असतं आणि बाकावर लेकरू नसतं. अशा वेळी संध्याकाळी वस्तीवर जाऊन आजीजवळ बसणारा शिक्षक, निदान पोराला तरी ठेवून जा, मी लक्ष देतो, असं म्हणणारा शिक्षक कोणत्या रकान्यात मावतो? त्याच्या त्या फेरीसाठी ना तासिका आहे, ना प्रवासभत्ता. शाळेतलं सर्वांत मोलाचं काम तेच असूनही दफ्तरात ते कुठंच नाही.

भाषेचंही तसंच. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाली-मुंडारीची नातलग. पाण्याला ‘डा’ म्हणणारं लेकरू पहिलीत येतं आणि महिनोन् महिने गप्प बसतं, तेव्हा ते मंद नसतं, परमुलखात असतं. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डीच्या बाजूला निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि ती बोलणारी माणसं दोन-अडीच हजारांच्या घरातली. शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं एकोणतिसावं कलम सांगतं. पण शिक्षकानं आधी पन्नास-शंभर शब्द तरी त्या लेकराकडून शिकावेत, हे कलमात लिहून होणारं नाही. पोषण आहाराच्या रांगेत ‘डा’ हवं का असं गुरुजींनी विचारलं, तर त्या लेकराची शाळा त्या दिवशी सुरू होते.

इथं शिक्षकांनाही एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला जड जातं. आपल्यापैकी पुष्कळजण गावात राहत नाहीत. २०२२ मध्ये शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी राहण्याचा आणि त्यांच्या घरभाडेभत्त्याचा वाद विधानसभेत गाजला, तेव्हा तो पैशांच्या अंगानं लढला गेला. खेड्यात धड घर मिळत नाही, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो, हे मान्य. राहण्याचा दाखला सक्तीनं घेऊन काही साधत नाही, हेही मान्य. पण साडेपाचच्या गाडीकडे डोळे लागलेल्या माणसाला संध्याकाळची वस्ती कधीच दिसत नाही. कामावर गेलेले आईबाप घरी परततात ते तेव्हाच. कागदांच्या ओझ्यानं आपल्याला गावापासून तोडलं हे खरं, आणि काही ठिकाणी त्या ओझ्याच्या आड आपण स्वतःच उभे राहिलो हेही खरं.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसं मोजली जातील. ते काम कायद्यानंच मोकळं ठेवलेलं, आणि नेहमीप्रमाणे पुष्कळसे प्रगणक शिक्षकच असतील. सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या दारात ते उभे राहतील आणि मातृभाषेच्या प्रश्नाशी येतील. परक्यासमोर घरातला माणूस कदाचित मराठी म्हणून मोकळा होईल. समोरचा शिक्षक त्या घरातल्या लेकराचा असेल, त्याच्या तोंडचा ‘डा’ त्यानं ऐकलेला असेल, तर तो लिहिण्याआधी थांबेल. घरात आजी नातवाशी काय बोलते, असं तो पुन्हा विचारील, आणि उत्तर बहुधा त्याच्या वर्गातलं लेकरूच देईल.