शपथ कुणी मोडली?

आपल्याकडं एखादा दारू सोडतो. १४ एप्रिलला नाहीतर १४ ऑक्टोबरला, चारचौघांत, हात वर करून. लोक टाळ्या वाजवतात. तीन महिन्यांनी तोच गडी पगाराच्या रात्री गटाराकडेला पडलेला सापडतो. मग वस्ती म्हणते, यानं बाबासाहेबांची शपथ मोडली. झालं, विषय मिटला. त्याच्याशी बोलणं बंद, विहारात त्याच्याकडं पाठ. माझा प्रश्न इथून पुढचा आहे. शपथ मोडली म्हणजे नेमकं काय मोडलं? आणि ती त्यानं एकट्यानंच मोडली काय?

पंचशील आपण तोंडपाठ म्हणतो. पाचही शीलांच्या शेवटी सिक्खापद हा शब्द येतो. त्याचा अर्थ कितीजणांनी विचारला? सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. हा नियम मी शिकायला घेतो, असं आपण म्हणत असतो. वरून कुण्या देवानं हुकूम सोडलेला नाही. हुकूम मोडला की पाप, पाप आलं की प्रायश्चित्त, आणि प्रायश्चित्त आलं की ते सांगणारा भटजी. हे सगळं गाठोडं आपण १९५६ ला नागपुरात टाकून आलो ना? बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती पाळायचीच आहे, त्यात सूट नाही. पण शील एकदा घेऊन पेटीत ठेवायची वस्तू असती तर ते पुन्हा पुन्हा म्हणायची गरजच काय होती? पोरगं पाढा विसरलं म्हणून कुणी त्याचं शाळेतून नाव काढत नाही.

कुणी म्हणेल, ही पळवाट झाली, पेताडाला हेच पाहिजे. तसं नाही. ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सुटलेला माणूस पुन्हा का पितो याचाच अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डनबरोबरचं त्याचं पुस्तक १९८५ ला आलं. पाय घसरणं वेगळं आणि दरीत कोसळणं वेगळं, असं तो सांगतो. एक घोट पोटात गेला म्हणून माणूस संपत नाही. पण तो स्वतःला म्हणतो, आपण नालायकच, आता अर्धी काय आन् पुरी काय! ह्या लाजेपायी तो पुरी बाटली पितो. आपण त्याला शपथमोड्या म्हणतो तेव्हा त्याची लाज दुप्पट करतो. गुत्तेवाल्याचं काम फुकटात करतो.

घसरण्याच्या जागाही त्यानं शोधल्या. मनातली जळजळ, घरातलं भांडण, सोबत्यांचा आग्रह. पुण्यात १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. तिथं काय किंवा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत काय, आपल्या घसरणीच्या जागा ओळखा आणि त्या टाळा, हे शिकवतात. बरोबरच आहे. पण दुकान वस्तीच्या तोंडाशी, भट्टी मागच्या गल्लीत. रस्ता टाळायचा तर घरी कुठून जायचं? रावेर-सावद्याकडं केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचा हिशेब झाला की टोळीच प्यायला बसते. टोळी सोडली तर उद्याचं काम गेलं. "एक घोट ले ना भाऊ, काय व्हई?" असं म्हणणारा वैरी नसतो. त्यानं दिवसभर बरोबरीनं घड उचललेले असतात.

आणि मनातली जळजळ! गटारात उतरणारा कामगार वास सहन व्हावा म्हणून आधी दोन घोट घेतो. आता २०१३ चा कायदा त्याला असं उतरवायला मनाई करतो, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. त्याला रविवारी शपथ द्यायची आणि सोमवारी तोच मॅनहोल. गटाराबद्दल ब्र न काढता दिलेली शपथ अर्धीच. शरीराचंही तेच. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की हात थरथरतात, भास होतात, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथं टाळ्या नकोत, डॉक्टर पाहिजे.

शपथेचा इतिहास आपल्या खानदेशातच बघा. १९२२ ला सलाबाई देवीची लाट आली, आदिवासींनी गावंच्या गावं दारू सोडली. पुढच्या दशकात तळोद्याकडं रंजनपूर-मोरवडच्या गुलाम महाराजांमागं पुन्हा हजारोंनी सोडली. तरीही १९७२ ला, दुष्काळात, शहादा तालुक्यात भिल्ल बायकांना दारूची मडकी फोडावी लागलीच. तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबारात आहे. म्हणजे अख्खा मुलूख घसरला होता. तो काय एकेकाच्या नालायकीनं? इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरची गाळणी बंद केली आणि दारूचा मक्ता केला. तेव्हापासून सरकारची तिजोरी ह्या घोटावर टेकलेली आहे, आजही.

त्या बायकांनी पुरुषांकडून नुसत्या शपथा घेतल्या नाहीत. घसरण्याची जागाच फोडली. नवऱ्यानं मारलं अशी तक्रार आली की जमून त्याला झोडपलं आणि सर्वांसमोर बायकोची माफी मागायला लावली. हिशेब देवाला द्यायचा नव्हता, बाबासाहेबांच्या फोटोलाही नाही. जिच्या पोरांचं पीठ दारूत गेलं तिला द्यायचा होता. त्यांची श्रमिक संघटना जमिनीसाठी आणि मजुरीसाठी त्याच वेळी भांडत होती, हे विसरू नका.

मला हेच पटतं. घसरलेल्याला बाहेर काढू नका, पण त्याला बायकोपुढं उभं करा. पुढचे चार महिने पगार तिच्या हातात जाईल अशी सोय करा. ती नको म्हणाली, माहेरी गेली, तर तिला समजवायला शिष्टमंडळ पाठवू नका. तिनं शपथ घेतली नव्हती. आणि पगाराच्या संध्याकाळी दोघांनी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावं, दुकान मागं पडेपर्यंत.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी खानदेशातून माणसं जमतात. गेल्या वर्षी शपथ घेऊन घसरलेल्यांनी पुन्हा पुढं यावं, असं तिथं माईकवरून सांगाल काय, हे मी यंदा जमवणाऱ्यांना विचारणार आहे.