नाक्यावरची अट : मॅक्रो की इनलाइन फंक्शन?

सी भाषेतील प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलर करतो, आणि दिलेली अट खोटी ठरताच ते रूपांतरच थांबवणाऱ्या विधानाला कंपाइल-टाइम असर्शन म्हणतात. ही अट मॅक्रोत लिहावी की इनलाइन फंक्शनमध्ये, हा प्रश्न तांत्रिक दिसला, तरी त्याच्या मुळाशी एखादी गोष्ट कळणे आणि ती नियमाने सिद्ध असणे यांतील भेद आहे. तो उलगडण्यासाठी गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या धारगळचे एक निवृत्त गणितशिक्षक आणि उपकरणांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी त्यांची भाची यांच्यात पुढील संवाद कल्पिला आहे.

मामा : मॅक्रो म्हणजे कंपायलरच्या आधी प्रीप्रोसेसरने केलेली निव्वळ मजकुराची अदलाबदल. मोठी संख्या निवडणाऱ्या मॅक्रोला चल एकाने वाढवणारी पदावली दिली, तर ती तुलनेत एकदा आणि उत्तरात पुन्हा मोजली जाऊन चल दोनदा वाढू शकतो. 1999च्या प्रमाणाने आलेले इनलाइन फंक्शन मूल्य एकदाच काढते आणि त्याचा प्रकारही तपासते. मग, बाय, अटही तिथेच का लिहू नये?

भाची : कारण मामा, फंक्शनच्या उंबऱ्यावर पदावलीचे रूप गळून पडते आणि मूल्य तेवढे आत जाते. फंक्शनला 5 दिले, तरी आतला चल ही सीच्या व्याख्येनुसार स्थिर पदावली, म्हणजे रूपांतराच्या वेळीच जिचे मूल्य ठरलेले आहे अशी पदावली, ठरत नाही. 2011च्या प्रमाणातील स्टॅटिक असर्ट या कंपाइल-टाइम असर्शनच्या विधानाला मात्र तीच लागते. अ‍ॅरेचे, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेचे, तर रूपच बदलते : चार बाइटांच्या दहा पूर्णांकांचा अ‍ॅरे 40 बाइटांचा असतो, पण फंक्शनमध्ये त्याचा केवळ पत्ता पोचतो, जो 64 बिटांच्या यंत्रावर सहसा 8 बाइटांचा असतो, म्हणून आकाराला चाराने भागून घटक मोजले, तर मॅक्रोत 10 येतात आणि फंक्शनमध्ये 2.

मामा : पण फंक्शन कॉलच्या जागीच उलगडले, की आत 5च आहे हे कंपायलरला कळतेच ना?

भाची : कळू शकते, पण ते ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे कंपायलरने किती खोलवर शोध घेतला यावर, अवलंबून असते. लिनक्स कर्नेलमध्ये या कळण्यावर उभी असलेली एक युक्ती आहे : अट खोटी असेल तर ‘चूक’ अशी खूण केलेल्या फंक्शनचा कॉल शिल्लक राहतो आणि रूपांतर थांबते. मात्र ऑप्टिमायझेशन बंद असताना अशी युक्ती निर्दोष प्रोग्रॅमलाही अडवू शकते.

मामा : म्हणजे निकाल नियमाऐवजी न्यायाधीशाच्या चिकाटीवर सोपवल्यासारखे झाले. मग कामाची विभागणीच योग्य म्हणायची : गाडीचे कागद पत्रादेवीच्या सीमानाक्यावर पाहावेत आणि माल धारगळच्या वखारीत उतरवावा.

भाची : नेमके तेच. बारीकसा मॅक्रो अट तपासतो आणि काम इनलाइन फंक्शनकडे सोपवतो.

मामा : पण त्यात पदावली दोनदा येणार, मग जुनाच दोष उरला की!

भाची : उरत नाही. आकार सांगणारा साइझऑफ ऑपरेटर पदावलीचा केवळ प्रकार पाहतो, ती मोजत नाही. ज्याची लांबी प्रोग्रॅम चालताना ठरते असा अ‍ॅरे हाच काय तो अपवाद. त्यामुळे उल्लेख दोन झाले, तरी मोजणी एकदाच होते. शिवाय अट कॉलमधील मूल्यावर अवलंबून नसेल, उदाहरणार्थ एखाद्या स्ट्रक्चरचा आकार ठरावीकच असावा अशी असेल, तर ती फंक्शनच्या आतही निर्धास्त लिहिता येते.

मामा : आणि माणसाने प्रोग्रॅम चालताना टंकलेला आकडा?

भाची : तो आधी कुणालाच ठाऊक नसतो, मामा, त्याची तपासणी प्रोग्रॅम चालतानाच करावी लागते.

या विभागणीत मॅक्रो श्रेष्ठ ठरत नाही की फंक्शन कनिष्ठ ठरत नाही. ज्या माहितीवर अट उभी आहे ती माहिती जिथे अजून शाबूत असते, तिथेच अट घालावी, आणि जी माहिती अद्याप अस्तित्वातच नाही तिच्याविषयी आधीच खात्री देऊ नये. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा या दोन मर्यादा पाळण्यात आहे.