ॲन ब्रॅडस्ट्रीट : समर्पण आणि ममत्व

ईश्वरेच्छेपुढे नतमस्तक होणाऱ्याने जे गमावले त्याचा शोक करावा काय? असा शोक ही श्रद्धेतील उणीव, की श्रद्धेच्या खरेपणाची खूण? प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट हिच्या काव्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १६१२ च्या सुमारास जन्मलेली ॲन १६३० मध्ये वडील थॉमस डडली आणि पती सायमन यांच्यासमवेत ‘आर्बेला’ जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आली. आठ मुलांचा संसार सांभाळून तिने काव्यलेखन केले. तिच्या बहिणीचे पती जॉन वुडब्रिज यांनी हस्तलिखित लंडनला नेले आणि १६५० मध्ये ‘द टेन्थ म्यूझ’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. तथापि, त्यातील विद्वत्ताप्रचुर दीर्घकाव्यांहून तिची उत्तरायुष्यातील खाजगी कविता अधिक मोलाची ठरते.

१० जुलै १६६६ रोजी अँडोव्हर येथील तिचे घर जळाले. जे होते ते ईश्वराचेच होते, त्याने ते नेले, हा प्युरिटन धर्मविचार त्या प्रसंगावरील कवितेत ती तत्काळ मान्य करते. पण कविता तेथे संपत नाही. जळालेल्या जागेवर तिची दृष्टी पुनःपुन्हा वळते. पेटी कोठे होती, आता कोणत्या मेजाशी पाहुणा बसणार नाही, हे ती आठवते आणि मग स्वतःलाच दटावते. १६६९ मध्ये एक महिन्याचा नातू दगावला, तेव्हाच्या कवितेतही ईश्वराची दया ती ठामपणे सांगत नाही. ती मान्य करण्याविषयी स्वतःच्या मनाला विनवते.

यात काहींना प्रच्छन्न बंडखोरी दिसते, काहींना केवळ धर्मनिष्ठा. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. ज्यावर जीव जडलेला नाही ते सोडण्यात त्याग कसला? हानीची मोजदाद केल्यावाचून उच्चारलेली शरणागती हा निव्वळ पाठ असतो. ॲनने ममत्व लपविले नाही, म्हणूनच तिच्या समर्पणाला वजन आले. मुलांसाठी लिहून ठेवलेल्या पत्रातही, ईश्वराच्या अस्तित्वाविषयी आपल्या मनात शंका आल्या होत्या, हे तिने नमूद केले. आईने मुलांना श्रद्धेबरोबर तिच्यामागील झुंजही सांगावी, यात मोठे नैतिक धैर्य आहे.

१६७२ मध्ये ती निवर्तली. घराच्या दहनावरील कविता छापली गेली ती १८६७ मध्ये. प्रकाशनाचा विचार न करता लिहिलेल्या त्या ओळींत श्रद्धा आणि शोक यांपैकी कोणीही दुसऱ्याला खोटे ठरवीत नाही.